निसर्गातील बदल आणि लय : एक अध्यापनविचार

संगीतातून निसर्गातील बदल कसा व्यक्त होतो, हे मुलांना शिकवताना बहुधा ध्वन्यनुकरणावर भर दिला जातो : ढोल म्हणजे गडगडाट, बासरी म्हणजे पक्षी. परंतु अनुकरणाने वस्तू सूचित होते, बदल नव्हे. बदल जाणवण्यासाठी काही स्थिर असावे लागते. इटालियन संगीतकार विवाल्दी याच्या १७२५ साली प्रसिद्ध झालेल्या 'चार ऋतू' या रचनेतील 'वसंत' या दृष्टीने उद्बोधक आहे. त्याच्या पहिल्या भागात पक्षी, झरा, वादळ क्रमाने येतात. मधूनमधून परतणाऱ्या पालुपदामुळे ही स्थित्यंतरे ठळक होतात.

बालकवींच्या (१८९०-१९१८) 'श्रावणमास' या कवितेत हेच कार्य छंद करतो. ऊन आणि सर यांची अदलाबदल होत असता चरणाची ८, ८, ८, ६ ही मात्रारचना अविचल राहते. सरीच्या उल्लेखाशी मात्र लघु अक्षरे दाटतात. म्हणून अर्थ सांगण्यापूर्वी शिक्षकाने टाळीचा ठेका धरवून कविता म्हणवून घ्यावी आणि सर कोठे आली, हे मुलांना कानांनी ओळखू द्यावे. केवळ शब्दार्थ सांगितल्यास श्रावणाचे चांचल्य हरपते व वर्णनांची यादी तेवढी उरते.