उद्गारचिन्ह लावून मोकळी होऊ नकोस

चि. मनू,


टाइपस्क्रिप्ट क्लासच्या नावांपाशी अडवतं म्हणून तू प्रत्येक ‘स्टाइल्स.कार्ड’पुढे उद्गारचिन्ह लावत सुटली आहेस, असं काल फोनवर म्हणालीस. त्याने टाइपस्क्रिप्ट फक्त गप्प बसतं. तेवढं थांबव.

तुला अडवणारा, मागितलेलं नाव नसूही शकतं असं धरणारा नो-अनचेक्ड-इंडेक्स्ड-ॲक्सेस हा नियम २०२० साली टाइपस्क्रिप्ट ४.१ मध्ये आला, पण ‘स्ट्रिक्ट’ चालू केलं तरी तो वेगळा मागून घ्यावा लागे. २०२५ च्या ५.९ पासून टीएससी इनिटने बनवलेल्या कॉन्फिग फाइलमध्ये तो आधीच चालू असतो, म्हणून तुझी त्याची गाठ आत्ता पडली. मला हा बदल मनापासून पटतो, कारण क्लासचं नाव चुकलं तर दुसरं कुणीच बोलत नाही. जुळणारी स्टाइल नसलेला क्लास ब्राउझरच्या लेखी चूक नाहीच. असे क्लास लोक जावास्क्रिप्टसाठी मुद्दाम ठेवतात. सीएसएस मॉड्यूलमध्ये नसलेलं नाव मागितलंस तर अनडिफाइंड मिळतं आणि रिॲक्ट तो क्लास गुपचूप गाळून टाकतं. बटण दाबलं जातं, टेस्ट पास होतात, आणि फॉर्ममध्ये लाल दिसायला हवी ती सूचना साध्या मजकुरात हरवते. त्रास होतो तो फॉर्म भरणाऱ्याला.

तुझी चिडचिडही खोटी नाही. व्हीट या बिल्ड टूलच्या टाइपमध्ये मॉड्यूलमधल्या नावांची यादीच नसते. कुठलंही नाव चालेल, एवढंच तिथे लिहिलेलं. त्यामुळे बरोबर नावावरही संशय घेतला जातो. उलट बॅकटिकच्या स्ट्रिंगमध्ये घातलेलं चुकीचं नाव सहज निसटतं आणि पानावर चक्क ‘अनडिफाइंड’ नावाचा क्लास उमटतो. एचटीएमएलमध्ये तो कधी दिसला तर लगेच ओळख.

यावर टाइप्ड-सीएसएस-मॉड्यूल्स वापर. ते प्रत्येक सीएसएस फाइलशेजारी खऱ्या नावांची टाइप फाइल बनवतं. मग बरोबर नाव बिनतक्रार जातं आणि चुकलेलं तिथल्या तिथे लाल होतं, बॅकटिकमध्येसुद्धा. एडिटरचं प्लगइन सोयीचं आहे, पण ते एडिटरपुरतंच. टीएससी त्याच्याकडे बघत नाही. म्हणून या फाइली बिल्डच्या आधी तयार होतील असं कर.

स्टाइललिंटच्या स्टँडर्ड कॉन्फिगचा कबाब-केसचा आग्रह मात्र खुशाल सैल कर. बेम या नावं देण्याच्या पद्धतीतले दोन अंडरस्कोर त्याला चालत नाहीत, पण नाव कसं दिसावं हे तुमच्या टीमने ठरवायचं. नाव अस्तित्वात आहे की नाही, हे तसं ठरवता येत नाही.

आधी फॉर्मच्या फाइलींवर करून बघ. उद्गारचिन्हं काढल्यावर काय काय लाल झालं ते मला पाठव, शनिवारी बसून पाहू. ताईला नमस्कार.

तुझा,
मामा