हक्काने राहा

केडगाव

चि. मुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पाटसकडील ज्या शेतकरी कुटुंबातून तुला मागणी आली, त्यातील मुलगा तुला मनापासून आवडला असूनही, जिला माहेरच नाही तिने त्या घरात कोणत्या अधिकाराने वावरावे या शंकेपायी तू होकार अडवून धरला आहेस, हे वाचून जीव कळवळला.

तू जेथे वाढलीस, त्या मुक्तिसदनाचाच इतिहास आठव. दुष्काळात आईवडील, १८८० साली बंधू श्रीनिवास आणि १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी, अशी एकेक आपली माणसे गमावलेल्या पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या, आणि प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात त्यांची सोय होईना तेव्हा येथील शेतावर त्यांना आसरा दिला. पुढे त्या मुलींच्या हाती त्यांनी शेती, विणकाम, छापखाना सोपविला. अंध मुलींनाही वाचायला शिकविले. आश्रिताला कर्तेपण देणारी ही दृष्टी मला त्यांच्या करुणेहूनही थोर वाटते.

तेव्हा सासरी उपकाराचे ओझे वाहत जाऊ नकोस. शेतीची कामे शीक, सासूबाईंची मर्जी सांभाळ, परंतु आपण निराधार होतो म्हणून प्रत्येक बोल मुकाट्याने गिळण्याचा करार कधीही करू नकोस. जाब विचारायला कोणी येणार नाही, एवढ्याच सोयीखातर अनाथ मुलगी पसंत करणारी घरेही असतात. हे लिहिताना मला क्लेश होतात, पण तुझ्यापासून ते लपविणार नाही. म्हणून त्या मुलाशी आधीच मोकळेपणाने बोल. विवाहाची रीतसर नोंद, शिधापत्रिकेवर नाव, पुढेमागे सातबाऱ्यावर नाव, हे विषय काढताच त्याच्या कपाळाला आठी पडते, की तो शांतपणे ऐकून घेतो, ते नीट पाहा. तुझ्या बालपणाविषयी तो काही विचारतो का, तेही पाहा. कारण प्रेमाला माणूस त्याच्या मागल्या दुःखासकट हवे असते.

माहेराचे म्हणशील, तर पहिली दिवाळी आणि पहिले बाळंतपण माझ्या घरी होईल, आणि जाब विचारण्याची वेळ आलीच तर मी स्वतः येईन. येत्या रविवारी तो व त्याच्या मातोश्री यांना घेऊन सकाळच्या गाडीने ये. त्यांच्याशी मलाही बोलायचे आहे.

तुझी,
बाई