मोजमापामागचा माणूस

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• आरोग्य आणि विकास यांच्या अर्थशास्त्रात कोणत्या प्रश्नांचा अभ्यास होतो ते सांगता येईल;
• दारिद्र्यरेषा कशी ठरली व तिच्याविषयी मतभेद का झाले ते स्पष्ट करता येईल;
• तुलना करून निष्कर्ष काढण्याची रीत समजून घेता येईल;
• या क्षेत्रातील संशोधकाच्या शिक्षणाची वाटचाल सांगता येईल.

प्रस्तावना

घरात मोठे आजारपण आले की दोन चिंता एकदम उभ्या राहतात. माणूस वाचेल का, ही पहिली. पैसा कोठून आणायचा, ही दुसरी. पहिल्या चिंतेचे उत्तर वैद्य शोधतो. दुसऱ्या चिंतेचे उत्तर शोधण्यात आयुष्य घालवणारीही काही माणसे असतात. ती औषध देत नाहीत, शस्त्रक्रिया करत नाहीत, ती मोजतात. अशा मोजणाऱ्या माणसांची ओळख या पाठात करून घेऊ या.

मूळ पाठ

१. उड्डाणपुलाखालचा प्रश्न

बंगळूरहून होसूरच्या रस्त्याने निघाले की इलेक्ट्रॉनिक सिटी लागते. 1970 च्या दशकाच्या अखेरीस कर्नाटक शासनाच्या केऑनिक्स या महामंडळाने कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या जमिनीवर ही उद्योगनगरी वसवली. तिची कल्पना रा. कृ. बाळिगा यांची. आज तेथे संगणक उद्योगाच्या मोठमोठ्या इमारती उभ्या आहेत. त्याच रस्त्याने थोडे पुढे गेले की बोम्मसंद्र येथे हृदयरोगावरील उपचारांसाठी प्रसिद्ध असलेले मोठे रुग्णालय आहे. 2010 साली कायद्याने स्थापन झालेल्या अझीम प्रेमजी विद्यापीठाची सुरुवातीची वर्षेही इलेक्ट्रॉनिक सिटीतच गेली. ‘विकास’ हा विषय तेथे एम.ए. च्या वर्गांना शिकवला जाई. पुढे ते विद्यापीठ सर्जापूरजवळच्या स्वतःच्या परिसरात गेले. उद्योग, रुग्णालय आणि विद्यापीठ अशी तिन्ही एकाच रस्त्यावर नांदली.

आता एक कल्पना करू या. अशा एखाद्या इमारतीच्या दारावर खानापूर तालुक्यातील एक मराठी तरुण पहारेकरी म्हणून उभा आहे. गावाकडे त्याच्या वडिलांच्या छातीत कळा येतात. मोठी शस्त्रक्रिया करावी लागेल असे डॉक्टर सांगतात. हृदयाचे रुग्णालय त्याच्या कामाच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर आहे. परंतु त्याचा पगार आणि त्या शस्त्रक्रियेचा खर्च यांत मोठे अंतर आहे. तो काय करील? बैलजोडी विकील, सावकाराकडे जाईल, बहिणीचे लग्न पुढे ढकलील, की वडिलांना घरीच ठेवील?

हा एका घराचा प्रश्न झाला. अशी किती घरे आहेत? कोणत्या उपायाने त्यांची संख्या घटते? हे प्रश्न विचारले की आरोग्य आणि विकास यांचे अर्थशास्त्र सुरू होते.

२. भुकेची मोजणी

महाराष्ट्रात या विचाराची जुनी परंपरा आहे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी 1911 साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे तिच्यातील एक मोठे नाव. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी गणिताचा अभ्यास केला आणि 1936 साली लंडन विद्यापीठाची पीएच.डी. पदवी मिळवली. स्वदेशी परतल्यावर भारतीय कृषी संशोधन परिषदेत त्यांनी पिकांच्या उत्पन्नाचा अंदाज काढण्याची शास्त्रशुद्ध पद्धत रुजवली.

ही पद्धत आपल्या एका म्हणीत सांगता येते: शितावरून भाताची परीक्षा. सगळ्या देशातील शेते कापून तोलणे शक्य नसते. म्हणून काही शेते निवडायची, त्यांतील ठरावीक तुकडा कापायचा आणि धान्य तोलायचे. मात्र शीत आपल्या सोयीने उचलून चालत नाही. रस्त्यालगतची, पाण्याखालची शेते तेवढी पाहिली, तर साराच हिशेब चुकतो. कोणते शेत निवडायचे ते सोडतीसारख्या पद्धतीने ठरवावे लागते. यालाच नमुना पाहणी म्हणतात.

1951 ते 1970 या काळात सुखात्मे रोम येथे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. जगातील किमान दोन तृतीयांश माणसे भूक आणि कुपोषण यांत आयुष्य कंठतात, असे त्या काळी म्हटले जाई. सुखात्म्यांनी आकडे तपासले आणि 1961 साली वेगळे चित्र मांडले. पोटभर अन्न न मिळणारी माणसे 10 ते 15 टक्के. आणि भूक किंवा निकस आहार यांपैकी एकाने तरी ग्रासलेली माणसे जगाच्या निम्म्यापर्यंत. त्यांनी पोटाची भूक आणि आहारातील उणीव वेगवेगळी मोजली. दुःख एकच दिसले तरी त्याचे प्रकार वेगळे असतात आणि त्यांवरचे उपायही वेगळे असतात, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

३. रेषा कोठे ओढायची?

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत प्रा. वि. म. दांडेकर आणि प्रा. नीलकंठ रथ काम करीत होते. 1971 साली त्यांचा भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. माणसाला दिवसाला सरासरी 2,250 उष्मांक मिळावेत, एवढे अन्न घेणारे कुटुंब महिन्याला किती खर्च करते, हे त्यांनी पाहणीच्या आकड्यांवरून शोधले. 1960-61 च्या किमतींनुसार तो खर्च खेड्यात दरडोई 15 रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये निघाला. खेड्यांतील सुमारे 40 टक्के आणि शहरांतील सुमारे 50 टक्के लोक याहून कमी खर्चात जगत होते. नियोजनाची दोन दशके उलटल्यावर समोर आलेल्या या आकड्यांनी देशाला विचार करायला लावले.

परदेशातून पुण्यास परतलेल्या सुखात्म्यांना मात्र ही रीत मान्य नव्हती. त्यांचा मुद्दा असा: सरासरी म्हणजे प्रत्येकाची गरज नव्हे. शंभर निरोगी, पोटभर जेवणारी माणसे घेतली तरी त्यांतील निम्मी सरासरीहून कमीच खातील; त्यांना उपाशी कसे म्हणावे? शिवाय एकाच माणसाची गरजही रोज सारखी नसते. शरीर काही मर्यादेत स्वतःला जुळवून घेते. या हिशेबाने अन्नाच्या तुटवड्यात जगणाऱ्यांचा आकडा बराच खाली येत होता. नुसते धान्य वाढवून भागणार नाही. दूषित पाण्याने पोट बिघडत राहिले तर खाल्लेले अंगी लागत नाही, म्हणून शुद्ध पाणी आणि स्वच्छता हवी, असा त्यांचा आग्रह होता.

यावर मोठा वाद झाला. गरीब माणूस कमी खातो तो गरज कमी म्हणून नव्हे, तर विकत घेण्याची ऐपत नाही म्हणून, असे विरुद्ध बाजूचे म्हणणे होते. पोषणतज्ज्ञ डॉ. सी. गोपालन यांनी विचारले, शरीर जुळवून घेते खरे, पण कशाच्या मोलाने? मुलाची वाढ खुंटते, मजुराची ताकद घटते; याला निरोगीपण म्हणता येईल का?

हा वाद नुसता विद्वानांचा नव्हता. रेषा खाली सरकली की लाखो कुटुंबे सरकारदरबारी गरीब राहत नाहीत. रेषा वर गेली की तीच कुटुंबे पुन्हा मोजणीत येतात. भाकरी तेवढीच असते, रेषा तेवढी हलते. आणि ज्याच्या हाती दारिद्र्यरेषेखालचे कार्ड, त्यालाच अनेक योजनांचे दार उघडते.

पुढे प्रा. सुरेश तेंडुलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 2009 साली ही रेषा नव्याने आखली. केवळ उष्मांकांवर न विसंबता शिक्षण आणि औषधोपचार यांवर कुटुंबाला करावा लागणारा खर्चही तिने विचारात घेतला. 2004-05 सालासाठी गरिबांचे प्रमाण आधी 27.5 टक्के धरले गेले होते. नव्या मोजणीत ते 37.2 टक्के निघाले.

४. सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे

आता पुन्हा कर्नाटकात येऊ. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना हृदयविकार, कर्करोग अशा मोठ्या आजारांवर मोफत उपचार मिळावेत म्हणून त्या राज्याने वाजपेयी आरोग्यश्री ही योजना आणली. 2010 साली ती प्रथम उत्तरेकडील गुलबर्गा आणि बेळगाव या दोन विभागांत सुरू झाली. दक्षिणेकडे ती नंतर गेली. (2018 साली तिची जागा अधिक व्यापक योजनेने घेतली.)

योजनेने खरोखर माणसे वाचतात का, हे कसे ओळखावे? लाभ घेतलेल्यांना विचारले तर ते चांगलेच सांगतील. परंतु योजना नसती तर काय झाले असते ते कोणालाच ठाऊक नसते. नीरज सूद, बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील अर्णब मुखर्जी आणि त्यांचे सहकारी यांनी यावर युक्ती काढली. योजनेच्या सीमारेषेच्या दोन्ही अंगांची एकसारखी गावे त्यांनी निवडली. पाऊसपाणी तेच, शेती तीच, गरिबीही तशीच. फरक एवढाच की अलीकडे योजना होती आणि पलीकडे ती अजून पोहोचायची होती. 572 गावांतील 60,000 हून अधिक कुटुंबांची पाहणी झाली.

2014 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. योजनेत बसणाऱ्या आजारांनी होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण लाभार्थी गरीब कुटुंबांत 0.32 टक्के आढळले. सीमेपलीकडच्या तशाच कुटुंबांत ते 0.90 टक्के होते. शंका येईल की उत्तरेकडची गावेच मुळात निरोगी असतील. म्हणून संशोधकांनी दारिद्र्यरेषेच्या वरची, योजनेत न बसणारी कुटुंबेही पाहिली. त्यांच्यात सीमेच्या दोन्ही बाजूंचे प्रमाण जवळजवळ सारखे निघाले. म्हणजे फरक गावाचा नव्हता, योजनेचा होता.

क्षणभर थांबून या आकड्यांकडे पाहा. हजार माणसांमागे तीन मृत्यू की नऊ, हे एका कागदी सीमेने ठरले. ती सीमा अन्यायाने आखली असे नाही. योजना कोठून तरी सुरू करावीच लागते. परंतु उशिराची किंमत कोण चुकवतो, हे त्या तक्त्यामुळे कळले. आपला तो पहारेकरी उत्तरेकडच्या खानापूरचा. त्याच्या वडिलांचे भवितव्य दोन रेषांवर अवलंबून होते: एक नकाशावरची आणि दुसरी कार्डावरची.

५. या वाटेने जायचे तर

असे संशोधन करणारी व्यक्ती कशी घडते? बारावीनंतर अर्थशास्त्र घेऊन पदवी, मग एम.ए., नंतर नेट ही पात्रता परीक्षा आणि पीएच.डी. साठी चार-पाच वर्षांचे संशोधन, असा साधारण क्रम असतो. त्यानंतर विद्यापीठात अध्यापन आणि त्याबरोबर संशोधन. गणित आणि सांख्यिकी यांची तयारी लागते. अर्थशास्त्राबरोबर वैद्यक किंवा समाजकार्य शिकून या विषयाकडे वळलेली माणसेही असतात.

परंतु निम्मे काम पुस्तकाबाहेरचे असते. “गेल्या वर्षात घरात कोणी दगावले का?” हा प्रश्न ओसरीवर बसून विचारावा लागतो. तो कसा विचारायचा, उत्तर देताना आवाज दाटला तर किती वेळ थांबायचे, हे सांख्यिकी शिकवत नाही. शिकताशिकता ज्यांनी घर चालवले, रुग्णालयाच्या रांगेत रात्र काढली, उधारीची वही पाहिली, त्यांना हे निराळे शिकवावे लागत नाही. तुमच्यापैकी अनेकांपाशी हा अनुभव आहे. त्याला अभ्यासाची जोड हवी.

मोजणीला शेवट नसतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांनी थेट खिशातून केलेला खर्च 2013-14 साली 64.2 टक्के होता. 2021-22 साली तो 39.4 टक्क्यांवर आला. ही घट मोलाची आहे. तरीही प्रत्येक शंभर रुपयांतले सुमारे चाळीस रुपये रुग्णाच्या घरातूनच जातात. ते कोणत्या घरातून जातात आणि त्यासाठी काय विकावे लागते, हे शोधणारे डोळे पुढेही लागणार आहेत. तक्त्यातील प्रत्येक ओळ हे एक घर असते; ज्याला हे विसरता येत नाही, तोच चांगला संशोधक होतो.

पाठगत प्रश्न

योग्य पर्याय निवडा.
१. दांडेकर आणि रथ यांनी दारिद्र्य मोजण्यासाठी आधार घेतला – (अ) जमिनीचा (आ) उष्मांकांचा (इ) शिक्षणाचा
२. सुखात्मे यांनी धान्याबरोबर आग्रह धरला – (अ) शुद्ध पाणी व स्वच्छतेचा (आ) विम्याचा (इ) कर्जमाफीचा
३. दारिद्र्यरेषेवरची कुटुंबेही पाहिली, कारण – (अ) त्यांना लाभ द्यायचा होता (आ) फरक योजनेचाच आहे का ते तपासायचे होते (इ) त्यांची संख्या जास्त होती

शब्दार्थ

उष्मांक – अन्नातून मिळणारी ऊर्जा मोजण्याचे एकक
दरडोई – प्रत्येक माणशी
निकस – कस नसलेला, सत्त्वहीन
ओसरी – घराच्या पुढची पडवी
दगावणे – मरण पावणे

भाषाभ्यास

‘भाकरी तेवढीच असते, रेषा तेवढी हलते.’ या वाक्यात ‘तेवढी’ हा शब्द दोनदा आला आहे. पहिल्या ठिकाणी तो परिमाण दाखवतो. दुसऱ्या ठिकाणी त्याचा अर्थ ‘केवळ’ असा होतो. अशी आणखी दोन वाक्ये तयार करा.

आपण काय शिकलात?

• मोजण्याची रीत बदलली की गरिबांची संख्या बदलते. म्हणून रीत समजून घेणे आवश्यक असते.
• योजनेचा परिणाम कळण्यासाठी योग्य तुलना करावी लागते.
• संशोधनाला गणिताइतकीच माणसांच्या जवळिकीची गरज असते.

पाठान्त प्रश्न

१. ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण नमुना पाहणीला कशी लागू पडते? शीत निवडताना कोणती काळजी घ्यावी?
२. सरासरीविषयीचा सुखात्मे यांचा मुद्दा आणि त्यावरील आक्षेप तुमच्या शब्दांत लिहा. तुम्हाला कोणती बाजू पटते? का?
३. ‘उशिराची किंमत कोण चुकवतो’ या शब्दांचा पाठाच्या आधारे अर्थ स्पष्ट करा.
४. तुमच्या परिसरातील पाच कुटुंबांना आजारपणाच्या खर्चाविषयी विचारण्यासाठी सहा प्रश्नांची प्रश्नावली तयार करा. कोणाचे मन दुखावणार नाही अशी भाषा वापरा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (आ)  २. (अ)  ३. (आ)