सोमवारची वाट बघू नका

कार्ड माझ्या खिशात होतं, ओटीपी आला नव्हता आणि नंबर मी कुणाला सांगितला नव्हता. तरी एका शनिवारी संध्याकाळी मध्य प्रदेशातल्या रामाकोन्यात घरी बसलो असताना मोबाइलवर मेसेज आला: परदेशी वेबसाइटवर खरेदी, रक्कम चहा-नाश्त्याच्या बिलाएवढी. घरचे म्हणाले, "एवढ्याशा पैशासाठी कशाला धावपळ? सोमवारी सौंसरला जाऊन बँकेत विचारू."

बँकेचं काम बँकेत जाऊनच होतं, ही आपल्याकडची जुनी सवय. ठगाला तीच हवी असते. चोरलेला नंबर चालतो का, हे तो आधी किरकोळ रकमेनं तपासतो; चालला की मोठा हात मारतो. भारतातल्या ऑनलाइन कार्ड-खरेदीला २००९ पासून ओटीपीसारखी दुसरी खातरजमा लागते. परदेशातल्या बऱ्याच दुकानांना मात्र नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे पुरतात.

मी लगेच बँकेच्या ॲपमधून कार्ड बंद केलं आणि कार्डामागे छापलेल्या नंबरवर फोन लावला. थोड्याच वेळात दुसरा मेसेज आला. या वेळी रक्कम मोठी होती, पण कार्ड बंद असल्यानं व्यवहार नाकारला गेला. पहिली रक्कमही तक्रारीनंतर परत जमा झाली.

रिझर्व्ह बँकेनं जुलै २०१७ मध्ये आणलेला नियम अशा वेळी कामी येतो. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशी फसवणूक तीन कामकाजाच्या दिवसांत कळवली, तर भुर्दंड तुमच्यावर पडत नाही. कामकाजाचे चार ते सात दिवस लावले, तर काही वाटा तुमच्या माथी येऊ शकतो. ओटीपी स्वतःच सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे चूक झाली असली तरी लाजून गप्प बसण्यात तोटाच आहे.

खरेदीला निघण्याआधी ॲपमध्ये परदेशी व्यवहार बंद करून ठेवा. ऑनलाइन आणि टॅप करून होणाऱ्या खरेदीची मर्यादा गरजेपुरतीच ठेवा; पाच हजारांपर्यंतच्या टॅपला पिन लागत नाही. नागपूरला सीताबर्डीत असा की हायवेवरच्या ढाब्यावर, कार्ड नजरेआड जाऊ देऊ नका. मशीन टेबलावर मागवा. बँकेचा फोन नंबर इंटरनेटवर शोधू नका, तिथं ठगांनी आपले नंबर पेरलेले असतात. "रिवॉर्ड पॉइंट संपतायत" म्हणून आलेली लिंक किंवा ॲपची फाइल उघडू नका.

पैसे गेलेच, तर आधी कार्ड बंद करा, मग बँकेला कळवा आणि लगोलग सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. आपल्याकडे कित्येकांच्या फोनमध्ये नागपूरचं सिम असतं, म्हणून फोन महाराष्ट्रात लागू शकतो; आपण मध्य प्रदेशातले आहोत हे आधीच सांगा. मेसेज पुसू नका. तक्रार क्रमांक, तारीख आणि वेळ वहीत लिहून ठेवा. तक्रार देऊन तीस दिवस झाले तरी बँकेनं उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. त्यासाठी पैसे लागत नाहीत, पण वहीतला तो तक्रार क्रमांक लागतो.