रात्रीच्या नगराचें छायाचित्र



मुंबईस मलबार टेकडीवरील कमला नेहरू उद्यानांतून सायंकाळीं खालीं पाहिलें असतां, समुद्राच्या कडेनें वळत गेलेली दिव्यांची ओळ दृष्टीस पडते. तिला लोक ‘राणीचा हार’ म्हणतात. या मार्गास नेताजी सुभाषचंद्र बोस यांचें नांव दिलेलें आहे. तरी ‘मरीन ड्राइव्ह’ हेंच नांव सर्वांच्या तोंडीं आहे. तेथील आर्ट डेको शैलीच्या इमारतींचा समावेश इ. स. २०१८ मध्यें युनेस्कोच्या जागतिक वारशांत झाला. या देखाव्याचें छायाचित्र पुष्कळ जण घेतात. परंतु अनेकांच्या हातीं काळ्या पडद्यावरील पांढरे डाग तेवढे येतात. असें कां व्हावें, याचा आज आपण विचार करूं.

पहिली गोष्ट वेळेची. पूर्ण काळोख पडल्यावर इमारतींच्या कडा आकाशांत विरून जातात. म्हणून सूर्यास्तानंतरचीं वीस-पंचवीस मिनिटें साधावीं. त्या वेळीं आकाश गडद निळें असतें व दिवेहि लागलेले असतात. दोहोंच्या तेजांत फारसें अंतर नसल्यामुळें एकाच चित्रांत दोन्हीं उमटतात. पावसाची सर येऊन गेल्यावर हवा निवळते, तेव्हां दूरच्या इमारतीहि स्पष्ट दिसतात. जागा मात्र उजेडींच निवडून ठेवावी.

दुसरी गोष्ट स्थैर्याची. आपला डोळा प्रकाश फार वेळ सांठवूं शकत नाहीं, कॅमेरा सांठवितो. थोडा प्रकाश पुष्कळ वेळ घेतला म्हणजे तोच पुरेसा होतो. परंतु तेवढ्या वेळांत कॅमेरा केसभरहि हलतां कामा नये. तिपाई नसेल, तर कठड्यावर धान्याची लहान पिशवी ठेवून तीवर तो टेकवावा. बोटाचा धक्का लागूं नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावावा.

आतां एक उदाहरण घेऊं. आय. एस. ओ. १०० व छिद्र ‘एफ ८’ ठेवून प्रथम ८ सेकंदांचें चित्र घ्यावें. तें काळें आलें तर १६ सेकंद, फिकट आलें तर ४ सेकंद द्यावे. छिद्र ‘एफ ११’ इतकें बारीक केलें, कीं प्रकाश निम्मा होतो. अर्थात् वेळ दुप्पट द्यावा लागतो. गणिताच्या तासाला शिकविलेलें व्यस्त प्रमाण तें हेंच.

पालकांस आमची विनंति एवढीच, कीं यासाठीं महाग कॅमेरा घेण्याची गरज नाहीं. मोबाइलमधील रात्रीची सोय एकामागून एक अनेक चित्रें घेऊन त्यांचें एक चित्र करते. तिलाहि हवा असतो तो स्थिर आधार.

शेवटीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. दीर्घकाळ घेतलेल्या चित्रांत मोटारींच्या दिव्यांच्या रेघा होतात, आणि चालणारीं माणसें बहुधा उमटतच नाहींत. दागेर यानें इ. स. १८३८ मध्यें पॅरिसच्या एका रहदारीच्या रस्त्याचें चित्र दिवसा घेतलें. त्यास कित्येक मिनिटें लागल्यामुळें सारी वर्दळ नाहींशी झाली. स्पष्ट राहिले ते एका जागीं उभा राहून बूट पुसून घेणारा गृहस्थ व ते पुसणारा मजूर. आपल्या चित्रांतहि हार झळकेल. पण त्याखालून कामावरून घरीं परतणारा मजूर, चणे विकीत फिरणारा मुलगा, रस्ता झाडणारी बाई हीं दिसणार नाहींत. चित्र खोटें नव्हे. परंतु तें पुरतेंहि नव्हे.

म्हणून प्रत्येकानें सुटींत आपल्या गांवचें असें एक चित्र घ्यावें. त्याखालीं वेळ, छिद्र व सेकंद लिहावेच. शिवाय तेवढ्या सेकंदांत समोरून कोण कोण गेलें, तेंहि आठवून लिहावें.