नशेची तपासणी : पट्टीवरची रेघ कशी वाचायची?



पोराचं वागणं बदलतं, डॉक्टर लघवी तपासायला सांगतात. रिपोर्टवर 'पॉझिटिव्ह' दिसलं की आईच्या पोटात गोळा येतो. म्हणून ही तपासणी नेमकी काय सांगते, ते आज समजून घेऊ.

रेघ उलटी वाचायची

गरोदरपणाची पट्टी आपल्याला माहीत आहे. दोन रेघा आल्या की दिवस राहिले. नशेच्या पट्टीचं याच्या उलट असतं. 'टी'जवळ रेघ आली, फिकट का असेना, तर तपासणी निगेटिव्ह. तिथं रेघ आलीच नाही, तर नशेचा अंश असण्याची शक्यता. 'सी'जवळची रेघ मात्र आलीच पाहिजे, नाहीतर पट्टी बाद.

असं का? पट्टीत रंग लावलेल्या अँटिबॉडी असतात. करोनात हा शब्द आपण ऐकलाय. 'टी'च्या जागी तोच नशेचा पदार्थ आधीच चिकटवलेला असतो. लघवीत पदार्थ नसेल तर अँटिबॉडी तिथं जाऊन चिकटतात आणि रेघ दिसते. लघवीत पदार्थ असेल तर त्या वाटेतच त्याला धरतात, मग रेघेला चिकटायला मोकळ्या उरत नाहीत.

चमक मोजणारं यंत्र

बँकेत नोट जांभळ्या दिव्याखाली धरली की तिच्यातले धागे चमकतात. काही नव्या तपासण्यांत अँटिबॉडीला असाच चमकणारा रंग लावतात. यंत्र उजेड टाकून रेघेची चमक मोजतं. चमक जितकी कमी, तितका पदार्थ जास्त. डोळ्यांना रेघ आहे की नाही एवढंच कळतं, यंत्र आकडा देतं.

लाळेची तपासणी साधारण अलीकडची नशा दाखवते. लघवीत अंश काही दिवस राहतो. रोज गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत तो काही आठवडेही सापडतो. म्हणजे आज सापडलं म्हणून आजच नशा केली, असं नाही.

पहिला रिपोर्ट शेवटचा नाही

कोडीन असलेलं खोकल्याचं औषध घेतलं, तरी अफूची तपासणी पॉझिटिव्ह येऊ शकते. खसखस खाल्ल्यानंतरही असं घडू शकतं. उलट, निगेटिव्ह आलं म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. पट्टी ज्या पदार्थाची, तेवढाच ती पकडते. पक्कं उत्तर मोठ्या प्रयोगशाळेतल्या 'मास स्पेक्ट्रोमेट्री' तपासणीतून मिळतं.

आपण काय करायचं?

१. चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना आधीच सांगा. चिठ्ठ्या सोबत न्या.

२. पॉझिटिव्ह आलं तर आधी पक्क्या तपासणीबद्दल विचारा. तोवर पोरावर शिक्का मारू नका, गावभर करू नका.

३. व्यसन असेलच, तर तो आजार आहे. मारून, कोंडून बरा होत नाही. १४४४६ या मोफत सरकारी हेल्पलाइनवर सल्ला मिळतो.

४. पोलिसांच्या भीतीनं उपचार टाळू नका. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याचं कलम ६४अ सांगतं, की नशा करण्याच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यात व्यसनी माणसानं स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण जाऊ शकतं.

पुढच्या बैठकीत बोलूया : आपल्या गटातल्या एखादीच्या घरी असा रिपोर्ट आला, तर ती आपल्याला मोकळेपणानं सांगेल का? नसेल सांगणार, तर आपलं काय चुकतंय?