बहुमताचा प्रभाव : पुरावा कसा तोलावा?

‘पाचामुखी परमेश्वर’ असे आपण म्हणतो. परंतु पाचही मुखे चुकीचे बोलू लागली, तर सहाव्याने काय करावे? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी १९५०च्या सुमारास हाच प्रश्न प्रयोगाने तपासला. दिलेल्या रेघेएवढी रेघ तीन रेघांतून ओळखावयाची, एवढेच काम. गटात एकच विद्यार्थी अजाण असे; बाकीचे, आधी ठरल्याप्रमाणे, १८ पैकी १२ वेळा एकमुखाने चुकीचे उत्तर देत. अशा १२३ विद्यार्थ्यांची त्या वेळची सुमारे ३७ टक्के उत्तरे बहुमताबरोबर चुकली.

‘माणसे मेंढरेच!’ असे यावरून म्हणणे उतावीळपणाचे होय. प्रथम तुलना पाहावी. एकट्याने उत्तर देताना चुका शेकडा एकाहूनही कमी होत्या. म्हणजे दडपण खरे होते. मग उरलेला आकडा पाहावा. सुमारे ६३ टक्के उत्तरे बरोबर होती आणि जवळजवळ चौथा हिस्सा विद्यार्थी एकदाही ढळले नाहीत. तिसरे, परीक्षा कोणाची झाली? केवळ अमेरिकन महाविद्यालयीन तरुणांची. १९९६ साली बाँड व स्मिथ यांनी १७ देशांतील असे १३३ अभ्यास एकत्र तपासले; तेव्हा हे प्रमाण देशपरत्वे बदलते व अमेरिकेत कालांतराने घटले, असे आढळले.

आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवू. खरे बोलणारा एकच सोबती मिळताच चुका चौथाईवर आल्या. वर्गात खरे उत्तर ठाऊक असूनही आपण गप्प राहिलो, तर अशाच एखाद्या एकट्याचा आधार आपण हिरावून घेतो.